तीन सेकंदांचं आश्चर्य

खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला चिकटलेला तिखटाचा कण — लाल, मोहरीएवढा, एका बाजूने करपलेला — आणि त्याच्या बोटभर वर, गालावर थांबलेला पाण्याचा थेंब. वेइलानने चित्र एक चौकट पुढे सरकवलं. थेंब किंचित खाली आला. आणखी एक चौकट. आणखी किंचित. सेकंदाला पंचवीस चौकटी, म्हणजे थेंबाला कणापर्यंत पोचायला दीड सेकंद तरी लागणार, आणि तेवढा वेळ हा माणूस गाल पुसत नाही, नाक ओढत नाही, चोरून कॅमेऱ्याकडे बघत नाही — शिकला एकदाचा, तिच्या मनात आलं. अकरा वर्षं चीनमधल्या छांगशा शहरात राहून, त्यातली चार कॅमेऱ्यापुढे तोंड वासण्यात घालवून, गाढवाला अखेर रडता आलं.

आवाज बंद होता. पहिल्या फेरीत ती आवाज कधीच लावत नसे. शब्द चेहऱ्यावर येऊन बसतात आणि मग चेहरा दिसत नाही, हे तिचं मत. प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचे आणि मग भिंगाखाली, तशीच ही शिस्त. तिने थेंबाच्या आधीची दोन सेकंदं आणि नंतरची चार कापून घेतली, मागची गाडी आणि गाडीमागची म्हातारी धूसर केली, तुकड्याला नाव दिलं — रडू–१ — आणि सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकला. रोज टाकते तसा. हाताने केलं, डोक्यापर्यंत ते गेलंही नाही.

त्या फोल्डरचं नाव ‘चेहरे’. त्यात या माणसाचे, पडद्यावरच्या पीटरचे, दोनशे बारा चेहरे होते, आता दोनशे तेरा. आश्चर्य–१ ते आश्चर्य–८८. तिखट लागलं–१ ते ४०. ‘आमच्याकडे असं नाही’ या प्रकारची खिन्न मान हलवणी, एकोणीस. आश्चर्य–१७ हा सगळ्यात कामाचा: तीन वर्षांपूर्वी रेल्वेच्या फलाटावर टिपलेला, मिश्या जरा लांब, पण लाल मिरच्यांतल्या माशाच्या डोक्यापुढे तो चालला, पार्सलच्या कुलपाच्या कपाटापुढे चालला, एका दुकान-संकुलातल्या स्वच्छतागृहापुढेही चालला. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट चेहरा ओळखीचा वाटला की लोकांना तो खरा वाटतो. खरं आश्चर्य माणसाच्या तोंडावर एक सेकंदसुद्धा टिकत नाही — वेइलानने मोजलं होतं, तिला मोजायची सवय होती — भुवया वर जातात, जबडा सुटतो, आणि लगेच दुसरं काहीतरी येऊन ते पुसून टाकतं. पीटरचं आश्चर्य तीन सेकंद टिकायचं. तीनच लागायची. पहिल्या सेकंदात बघणाऱ्याला चेहरा दिसतो, दुसऱ्यात स्वतःच्या देशाविषयी बरं वाटतं, तिसऱ्यात तो टाइप करायला घेतो.

आणि टाइप तरी काय करायचे... चित्रावरून उजवीकडून डावीकडे त्या ओळी धावत जायच्या, एकीवर एक चढत: ‘बिचाऱ्याने कधी खाल्लंच नव्हतं!’ ‘आता परत जाणार नाही हा!’ ‘लाओवायला आणखी एक वाटी द्या!’ लाओवाय म्हणजे बाहेरचा, गोरा असला की लाडाने, नसला की नुसताच. वेइलान त्या ओळी वाचायची तेव्हा तिला कणवही यायची नाही, रागही यायचा नाही. भात करपल्याचा वास यावा तसं काहीतरी व्हायचं. कोट्यवधी माणसं जेवताना फोन टेकवून बसतात आणि एक परका माणूस आपलाच घास तोंडात घालून चकित होतो की नाही ते बघतात. आपल्या जेवणाची चव आपल्याला त्याच्या तोंडातून घ्यावी लागते. आणि या माणसांना वाटतं की ती त्याला हसतायत.

हे ‘पीटरचा पहिला घास’चं तीनशे एक्केचाळिसावं प्रकरण. तीनशे एक्केचाळीस पहिले घास. पीटर हे नाव होउदादाने दिलेलं. त्याचं नाव इयॉन, देश मोल्दोवा, आला होता पूल बांधायचं शिकायला. देशाचं नाव काढायचंच नाही असा दंडक होता. ‘‘मोल्दोवा म्हटलं की नकाशा शोधायला जातात लोक, आणि गेले की परत येत नाहीत,’’ होउदादा म्हणायचा. ‘‘गप्प बसा. ज्याला ज्या देशाला कमी लेखायचंय, तो देश तो आपल्या मनाने भरतो.’’ होउ हा या स्टुडिओचा मालक, चाळिशीला टेकलेला, पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे, कारण साहेब म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. साहेबासारखं वागायला मात्र आवडायचं.

इयॉनला इथली बोली भाजीवाल्यासारखी यायची. भावाची घासाघीस करायचा, शिव्या द्यायचा, रिक्षावाल्याला ‘‘काका, मला काय कालचा समजलात?’’ म्हणायचा. पण कॅमेरा सुरू झाला की त्याने अडखळायचं. ‘‘हे... फार... मजा! माझा तोंड... आग!’’ सुरुवातीला तो नीट बोलला होता त्या दोन भागांना कुणी विचारलं नाही. इतकं चांगलं बोलणारा परका माणूस लोकांना परका वाटत नव्हता, आणि आपला तर तो नव्हताच. त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. मग होउदादाने त्याला बिघडायला सांगितलं, आणि तो बिघडला. इतक्या सहज. वेइलानला त्याच्याविषयी जे वाटायचं त्याचं मूळ तिथे होतं — एखाद्याने आपल्या हाताने शिकलेली भाषा पगारासाठी मोडून दाखवावी, रोज, हसत, आणि संध्याकाळी भाजीवाल्याकडे जाऊन परत जोडून घ्यावी...

‘‘स्वच्छ आणि आरोग्यदायी, भावांनो!’’

शेजारच्या टेबलावरून शांगचा आवाज. तोंडात सुपारी, गाल फुगलेला. तो स्टुडिओची दुसरी खाती सांभाळायचा, त्यातलं एक इंडियाचं. पिंपातल्या पिठात कोपरापर्यंत उघडा हात घालून ढवळणारा कुणी एक माणूस पडद्यावर होता, आणि शांग त्याच्यावर स्वतःचाच आवाज चढवत होता. हा टोमणा त्याचा नव्हता; देशभर सगळे तोच मारायचे, तोच हेल काढून.

‘‘कुठलं गाव रे हे?’’ वेइलानने एकदा विचारलं होतं.

‘‘इंडिया.’’

‘‘इंडियात कुठे?’’

‘‘इंडियात इंडियात,’’ शांग म्हणाला, आणि खरोखर गोंधळून तिच्याकडे बघत राहिला.

प्रत्येक देशाला एकेक भावना वाटून दिलेली. गोऱ्यांना आश्चर्य. इंडियाला घाण. आफ्रिकेतल्या माणसांना आनंद — उघड्या अंगाने, हातात फळा धरून, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा ओरडायच्या. रशियन बायांना इथल्या पुरुषांची ओढ. त्यातल्या निम्म्या तर बाया नव्हत्याच, संगणकाने केलेल्या होत्या, बोटं मोजली की कळायचं. एकाची भावना दुसऱ्याला मिळत नसे. इंडियातला माणूस आगगाडी बघून चकित झाला तर ते चालत नाही. गोऱ्याच्या हाताला पीठ लागलं तर ती कला. एवढं काटेकोर वर्गीकरण वेइलानने जीवशास्त्रातही बघितलं नव्हतं. आणि स्वच्छतेचंच म्हणाल तर याच शहरातल्या एका गाडीवरच्या चटणीच्या वाटीतले जीवाणू तिने विद्यार्थी असताना मोजले होते. तो आकडा तिला अजून पाठ होता. शांगला सांगितला असता तर तो म्हणाला असता, ‘‘पण ते आपले आहेत.’’

तिने आवाज लावला.

आधी तळणीचा चर्र आवाज. मग लियाओआजीचा, घोगरा — आंबवलेल्या काळ्या तोफूची, म्हणजे सोयाबीनच्या पनीरची, तिची गाडी, जिथे इयॉन नऊ वर्षं गिऱ्हाईक होता आणि जिथे काल त्याने तिसऱ्यांदा ‘पहिला घास’ घेतला होता. कॅमेरा चालूच राहिलेला.

‘‘काय रे पोरा, आज तोंड का असं? आईचं ऑपरेशन झालं का?’’

‘‘झालं, आजी.’’ स्वच्छ, न मोडलेली बोली. ‘‘काल गेली.’’

‘‘गेली म्हणजे?’’

‘‘गेली.’’

तेलाचा आवाज. झारा कढईच्या काठावर दोनदा आपटला.

‘‘मग तू इथे काय करतोयस?’’

‘‘पासपोर्ट अडकलाय. राहायचा परवाना वाढवायला दिलाय, आणखी सात दिवसांनी मिळेल. आमच्यात तिसऱ्या दिवशी पुरतात. म्हणजे उद्या.’’

‘‘आणि हे कॅमेरे?’’

‘‘काम आहे ना, आजी.’’

‘‘बस,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘उभ्याने खाऊ नको. बस आणि खा.’’ आणि तिच्या झाऱ्यातून आणखी दोन तुकडे त्याच्या वाटीत पडले. मग तो थेंब.

एक्केचाळीस सेकंद. वेइलानने सगळी ऐकली. मग पहिल्यापासून पुन्हा. तिला काही वाटलं नाही असं नाही — पण जे वाटलं त्यात, खरं सांगायचं तर, चिडच जास्त होती. उद्या म्हणजे आज. तिकडे आज त्याच्या आईला मातीत घालतायत आणि इकडे मी त्याला ‘शिकला’ म्हटलं. चूक माझ्या वाचण्यात झाली, आणि चूक झाली की मला आधी ज्याच्यामुळे झाली त्याचा राग येतो.

तेवढ्यात मागे होउदादा उभा. हातात चहाची काचेची बाटली, तळाशी पानांचा चिखल.

‘‘बघितलंस? सोनं आहे सोनं. काल रात्रीच पाठवलं मला कॅमेऱ्यावरच्या पोरांनी.’’

‘‘दादा, त्याची आई वारलीय.’’

‘‘माहितेय गं. वाईट झालं. मी त्याला फळांची टोपली पाठवतोय.’’ होउदादाने एक घोट घेतला, एक पान दाताने पकडून परत बाटलीत थुंकलं. ‘‘पण बघ, आश्चर्याला लोक आता कंटाळलेत. भावना पाहिजे. घास, मग डोळ्यात पाणी. वर लिही: ‘आईच्या हातची चव मला इथे सापडली.’ आईच आहे ना शेवटी? खोटं कुठे बोलतोय आपण?’’

‘‘आणि म्हातारीचं बोलणं?’’

‘‘ते काढ. बासरी टाक. सहाला खात्यावर चढव.’’

तो गेला. वेइलानने बासरी शोधायला घेतली. फोल्डरमध्ये बासरीच्या सत्तावीस धून होत्या.

साडेबाराला दिवे गेले. जेवण झालं की इथे रोज तासभर असंच: पडदे ओढायचे, टेबलांमधल्या वाटेत घडीच्या खाटा उघडायच्या, डोळ्यांवर पट्टी आणि झोप. तांदळाच्या शेवयांचा आणि पायमोज्यांचा वास. शांग गालात सुपारी ठेवूनच घोरायला लागला. वेइलान आडवी झाली होती एवढंच. छातीवरचा फोन थरथरला तेव्हा ती चवड्यांवर चालत जिन्यात गेली.

‘‘वेइलान, मी.’’

‘‘आवाज बसलाय तुझा.’’

‘‘तिकडून व्हिडिओ कॉल लावला होता बहिणीने. आत्ताच संपलं सगळं. ऐक. कालचं ते आजीकडचं... कॅमेरा चालू होता असं पोरं सांगतायत.’’

‘‘होता.’’

‘‘ते काढून टाक.’’

‘‘होउदादांनी बघितलंय.’’

‘‘म्हणून तर तुला सांगतोय.’’

‘‘मला कशाला? मी काय मालकीण आहे?’’

‘‘तू मला इयॉन म्हणतेस,’’ तो म्हणाला. ‘‘बाकी काय हवं ते दाखवा. माझं तोंड तुम्हाला दिलंय मी, तक्रार नाही. तेवढं एक नको. सहा-सात सेकंदांचं काय ते. माझ्या बहिणीची मुलगी बघते ते, तिला इथले शब्द वाचता येत नाहीत, पण चेहरे कळतात.’’

‘‘बघते,’’ वेइलान म्हणाली, आणि फोन ठेवला.

तू मला इयॉन म्हणतेस! ती त्याला इयॉन म्हणायची कारण करारावर तेच नाव होतं, आणि तेच तिच्या तोंडी बसलं होतं. एवढ्यावर या माणसाने तिच्यात कुणीतरी जवळचं उभं केलं होतं. अकरा वर्षं परक्या देशात काढली की माणूस असाच होतो का — कुणी नाव नीट उच्चारलं की लगेच त्याच्या दारात जाऊन बसायचं? तिला जिन्यातल्या थंड भिंतीला पाठ लावून उभं असताना त्याची किळस आली. आणि ती किळस ओळखीची होती, तिच्या मागे मागे एक वास येत होता, चीजचा —

जर्मनीतलं ते सामाईक स्वयंपाकघर. ती दोन वर्षं तिथे अन्नातल्या जीवाणूंवर शिकत होती. रविवार, सातआठ जण, आणि हाइके नावाची शेजारीण, मनाने चांगली, फार चांगली, एका पाटावर ते नारिंगी सालीचं चीज घेऊन: ‘‘वेइलान, तू हे कधी खाल्लं नसशील! थांब, थांब, फोन घेते.’’ कधी खाल्लं नसशील. त्या सालीवरचे जीवाणू वेइलान आठ महिने प्रयोगशाळेत वाढवत होती. त्या वासातली गंधकाची संयुगं तिला नावानिशी माहीत होती. त्यांतली दोन लियाओआजीच्या काळ्या मटक्यातही असतात, आणि तो वास तर ती आईच्या कडेवर बसून घेत आली होती. ती हे सांगू शकली असती. मजेदार झालं असतं. पण फोन वर आला, सातआठ चेहरे तिच्या चेहऱ्याकडे वळले, आणि तिला कळलं की त्यांना माहिती नकोय, चेहरा हवाय... आणि तिने तो दिला. नाक आक्रसलं, डोळे विस्फारले, हाताने तोंडाशी वारा घातला. काय हसले सगळे! प्रेमाने हसले. हाइकेने मिठी मारली. तो व्हिडिओ तिच्याकडे अजून होता. परत आल्यावर, एका कंपनीची प्रयोगशाळा बंद पडून ती घरी बसली होती तेव्हा एका दुपारी तिने तो एकेक चौकट करून बघितला आणि आपल्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मोजलं.

तीन सेकंद. आणि वर चार चौकटी.

त्या मोजणीच्या जोरावर तिला ही नोकरी मिळाली असं म्हणायला हरकत नाही. ‘‘परदेशी लोकांचे चेहरे वाचता येतात का?’’ होउदादाने विचारलं होतं. येतात, ती म्हणाली होती.

दिवे आले. खाटा मिटल्या. शांगने आधीची सुपारी थुंकून नवीन तोंडात टाकली.

साडेतीनला ती होउदादाच्या खोलीत गेली. वाटेत तिने ठरवलं होतं की आई हा शब्द काढायचा नाही, शरम हा तर नाहीच. होउदादाला शरमेविषयी सांगणं म्हणजे माशाला छत्री देणं. तिने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला आणि तुकडा लावला.

‘‘दादा, ओठ बघा. कसा वाकडा थरथरतोय, एकाच बाजूने. आणि डोळे बारीक झालेत. लोकांना रडताना डोळे मोठे लागतात.’’

‘‘हं.’’

‘‘पाणीसुद्धा बघा, एकाच डोळ्यातून. लोक म्हणणार ग्लिसरीन. मागे त्या दुसऱ्या स्टुडिओच्या गोऱ्या बाईचं काय झालं? ‘किती मिळाले रडायचे?’ दोन दिवस तेच. खातं बुडालं.’’

‘‘पण हे खरं आहे गं.’’

‘‘खरं आहे म्हणूनच. खरं रडू दिसायला वाईट असतं.’’

होउदादाने पुन्हा बघितलं. डोकं तिरकं करून, भाजी निवडताना बघतात तसं. बाहेर कुणीतरी हसलं. ‘‘जरा जास्तच करतोय, नाही?’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘जमलेलं नाही त्याला. जाऊ दे. तुझं ते सतरा नंबर टाक.’’

अकरा वर्षांत हा माणूस एकदा रडला आणि त्याला अभिनय जमला नाही असं ठरलं. वेइलान लॅपटॉप उचलून बाहेर आली. तिला हसू आलं, आणि हसण्याखाली काहीतरी उबदार, लाजिरवाणं, जे तिने लगेच ओळखलं: तिला स्वतःविषयी बरं वाटत होतं. दुसऱ्या सेकंदातला बघणारा जसा. मी त्याचं तेवढं एक वाचवलं. मी. तिने ती एक्केचाळीस सेकंदं मूळ चित्रणातून काढून टाकली, कचऱ्याची पेटीही रिकामी केली, आणि लियाओआजीच्या तोफूपुढे तीन वर्षांपूर्वीच्या फलाटावरचा चेहरा बसवला. मिश्या लांब. सहाला चढवला. सहा वाजून चार मिनिटांनी पहिली ओळ धावली: ‘बिचारा, डोळेच पांढरे झाले!’ सगळं जागच्या जागी होतं. तिने चहा करून घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांगलाही एक पेला दिला.

‘‘अरे वा,’’ शांग म्हणाला. ‘‘आज काय, पगारवाढ? बरं, ते तुझ्या पीटरचं रडू भारी कामी आलं हं. नवीन टाकलंयस ना? दुपारीच लावलं मी.’’

‘‘कुठे लावलं?’’

‘‘‘परत गेलेले’मध्ये.’’

ते त्याचं तिसरं खातं. चीनमध्ये राहून आपापल्या देशी परतलेल्या लाओवायांचं; परतल्यावर त्यांना तिथे काहीच कसं जमत नाही, गाड्या उशिरा येतात, रात्री रस्त्यावर भीती वाटते, इथल्या शेवया आठवतात. शांगने पडदा तिच्याकडे वळवला. आधी एक निर्जन बर्फाळ रस्ता, कुठला कोण जाणे. काळोखी खिडकी. मग इयॉन. वर पांढऱ्या अक्षरांत: ‘घरी पोचला. पहिलाच दिवस. कुणाशी बोलेना.’ बासरी. सत्तावीसपैकी चौदावी, तिने स्वतः सकाळी निवडून बाजूला ठेवलेली. गालावरून थेंब खाली येत होता. तो ओठाच्या कोपऱ्याशी पोचला, आणि तिथे काहीच नव्हतं. शांगने तिखटाचा कण पुसून टाकला होता.

‘‘तो बारीक लाल डाग होता ना, तो काढला,’’ शांग म्हणाला. ‘‘तिकडे कुठलं आलंय तिखट?’’

खाली आकडा हलत होता. चार लाख. चार लाख बारा हजार. ‘घर म्हणजे काय ते कळलं याला.’ ‘परत ये भावा, आम्ही आहोत.’

‘‘काढ ते.’’

‘‘काय?’’

‘‘काढ, शांग.’’

‘‘वेडी आहेस का? वर चाललेलं मध्येच काढलं तर ॲपवाले खातं खाली ढकलतात, महिनाभर वर येत नाही. दादांना विचार जा.’’ मग जरा मऊ होऊन, ‘‘का गं? फोल्डरमध्ये तूच टाकलंस ना?’’

मी टाकलं. मीच नाव दिलं. एक हा आकडा दिला, म्हणजे पुढे दोन येईल, तीन येईल, हे गृहीत धरूनच दिला.

दादाला विचारायला जावं लागलंच नाही. दादा बाहेर आला होता, फोन उंच धरून. ‘‘ग्लिसरीन म्हणे! बघ, एकाने तरी म्हटलंय का? वेइलान, तुझं शिक्षण जास्त झालंय, तोच घोळ आहे. शांग, शाब्बास!’’ आणि ती काय बोलणार होती? खरं आहे ते, असं? ते तर त्याला सकाळपासून माहीत होतं. तेवढंच एक त्या दोघांत सामाईक होतं. तिला जाणवलं की आपल्याकडे या खोलीत चालेल असं एकही वाक्य नाही. खोट्याच्या बाजूने तिने दुपारी इतकं चांगलं भांडण केलं होतं की खऱ्याच्या बाजूने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

हातातला फोन थरथरला. इयॉन.

‘बघितला. जुना चेहरा लावलास, मिश्यांवरून कळलं! बहिणीच्या मुलीला पाठवला. ती हसली, आज पहिल्यांदा. तुझे उपकार विसरणार नाही, वेइलान.’

खाली ती लिहू लागली. ‘इयॉन, एक’ — पुसलं. ‘तू “परत गेलेले” बघू’ — पुसलं. त्याने बघितलं नाही तर सांगून काय... बघेलच, पाच लाखांनी बघितलेलं त्याच्यापर्यंत पोचेलच, आणि त्याआधी त्या मुलीपर्यंत. तिला शब्द वाचता येत नाहीत. ती बर्फ बघेल, खिडकी बघेल, मामा घरी आला असं तिला वाटेल. आज, यायला हवा होता त्याच दिवशी. आणि ती दार उघडून बघेल का?

फोनचा पडदा आपोआप विझला. काळ्या काचेत छतावरची दिव्याची नळी उमटली, आणि नळीखाली एक चेहरा. भुवया वर गेलेल्या. जबडा किंचित सुटलेला. वेइलानला तो लगेच ओळखू आला. त्याला नाव देता येईल, क्रमांक देता येईल, इतका स्वच्छ. आता काहीतरी येऊन तो पुसून टाकेल म्हणून ती वाट बघत राहिली. एक. शांगने सुपारी गालाच्या दुसऱ्या बाजूला नेली. दोन. मागे कुणीतरी आकडा मोठ्याने वाचला. तीन.

तो अजून तिथेच होता. तिने मोजणं थांबवलं नाही.